पाच अल्बमची अट

सांगलीला इंजिनिअरिंगला असताना रूममेटने मला ड्रीम थिएटर या अमेरिकन मेटल बँडची एक कॅसेट भरून दिली होती. पहिलंच गाणं 'पुल मी अंडर'. आठ मिनिटं झकास चालतं आणि गिटारची रिफ सुरू असतानाच कचकन तुटतं. मी त्याला शिव्या घातल्या, रेकॉर्ड करताना बटण दाबलंस म्हणून. बिचाऱ्याने पुन्हा भरून दिली, पुन्हा तेच. नोकरी लागल्यावर ओरिजिनल सीडी घेतली तेव्हा कळलं, गाणंच तसं आहे. १९९२ साली बँडनेच ते असं तोडून ठेवलंय. रूममेटची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर दहाएक वर्षं या बँडशिवाय मी काही ऐकलं नाही म्हटलं तरी चालेल. मग सप्टेंबर २०१० मध्ये ड्रमर माइक पोर्टनॉय बाहेर पडला आणि मी कट्टी घेतली. पोर्टनॉय म्हणजे नुसता ड्रमर नव्हे. १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात ज्या तीन पोरांनी हा उद्योग सुरू केला त्यातला तो एक. बाकीचे दोघे गिटारवाला जॉन पेट्रुची आणि बेसवाला जॉन म्युंग. घरातला मोठा भाऊ वेगळा निघाला की धाकट्यांशीही बोलणं तुटतं, तसं माझं झालं. २०११ ला माइक मँगिनी आला, अल्बम येत राहिले, मी एकही उघडला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बातमी आली, पोर्टनॉय परत आला. पाठोपाठ चाळीस वर्षांच्या दौऱ्याची घोषणा झाली. पहिलाच कार्यक्रम २० ऑक्टोबर २०२४ ला लंडनच्या ओ-टू अरीनात. मी राहतो लंडनजवळच्या रेडिंगला, म्हणजे घरचंच कार्य. भाच्याला फोन लावला. तो लंडनमध्ये शिकतो, स्वतः ड्रम वाजवतो.

"मामा, तू २०१० नंतरचं काही ऐकलंयस?"

"नाही."

"मग मी येत नाही. मँगिनीचे पाचही अल्बम ऐक, मग तिकीट काढ."

हल्लीची पोरं अशा अटी घालतात. पण मला एकट्याने जायचं नव्हतं.

तर ऑगस्टपासून रेडिंग ते लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन, रोज ऑफिसला येताजाता मी अभ्यास केला. २०११ चा अल्बम ऐकताना तोंड वाकडं होतं, ते दुसऱ्या आठवड्यात सरळ झालं. २०१३ चा बरा. २०१६ चा 'द अस्टॉनिशिंग' ३४ तुकड्यांचा आणि तब्बल १३० मिनिटांचा. तीनदा सुरू केला, तीनदा झोप लागली. चौथ्यांदा पूर्ण केला आणि भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला. २०१९ चा मात्र मनात बसला. त्यात 'बारस्टूल वॉरियर' नावाचं गाणं आहे, एका लहान गावात अडकून पडलेल्या, रोज त्याच गुत्त्यात त्याच स्टुलावर बसणाऱ्या माणसाचं. ते मी पॅडिंग्टनला उतरल्यावर फलाटावर उभा राहून संपवायचो. ऑफिसला उशीर झाला तरी चालेल असं वाटायला लावणारं गाणं.

ऐकता ऐकता बाकीचंही वाचत गेलो. बँडचं आधीचं नाव 'मॅजेस्टी'. त्या नावाचा दुसरा बँड निघाल्यावर ते बदलावं लागलं, तेव्हा पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या एका सिनेमागृहाचं नाव सुचवलं, तेच आजचं. गायक जेम्स लाब्री कॅनडाचा, १९९१ मध्ये आलेला. १९९४ च्या डिसेंबरात क्युबाला सुट्टीवर असताना त्याला अन्नातून विषबाधा झाली आणि उलट्यांच्या जोराने स्वरतंतूंना इजा झाली. डॉक्टर म्हणाले विश्रांती घे. हा पुढच्याच महिन्यात जपानच्या दौऱ्यावर गात होता. त्याच्या आवाजाला नावं ठेवायची जुनी खोड मला होती. हे वाचल्यावर जरा गप्प बसलो.

आणि मँगिनी! तो बर्कलीत शिकवायचा. ती नोकरी सोडून सात जणांच्या चाचणीतून इथे आला आणि तेरा वर्षं वाजवत राहिला. बँडला आजवर एकच ग्रॅमी मिळाली, २०२२ ची, ती त्याच्याच काळातल्या गाण्याला. मी मात्र त्याला सावत्र ठरवून बसलो होतो, न ऐकता.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला तो वाऱ्याचा. स्कॉटलंडकडे अ‍ॅशली वादळ होतं, त्याची शेपटी आमच्याकडेही जाणवत होती. दिवाळी अकरा दिवसांवर, म्हणून बायकोने भाच्यासाठी चकल्यांचा डबा दिला. मी तो ऑफिसच्या सॅकमध्ये टाकला आणि बाँड स्ट्रीटला गाडी बदलून अरीनाजवळच्या नॉर्थ ग्रिनिच स्टेशनला पोहोचलो. दाराशी अडवलं: ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत चालत नाही. तिकिटासोबत लिहिलेलं होतं म्हणे. सॅक बाहेर जमा केली, रांगेत वीस मिनिटं गेली. भाचा आत जाऊन बसला होता.

आमच्या जागा चौथ्या मजल्यावर. तिथला उतार असा की उभं राहिलं तर पुढच्याच्या डोक्यावर कोसळू. दिवे गेले, 'मेट्रोपोलिस' सुरू झालं आणि पडद्यावर पोर्टनॉयचं तोंड दिसलं तेव्हा माझ्या शेजारचा पन्नाशीचा गोरा गृहस्थ हुंदके देऊन रडला. मी रडलो नाही. मी मोजत होतो. लहानपणी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, त्यामुळे विषम ताल आला की अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर चालतो. पण या लोकांबरोबर मोजायला बसलं की फसगत होते. सातचा हिशोब लागतोय म्हणेपर्यंत मधेच एक मात्रा खातात. सात मात्रांच्या रूपक तालात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली असते, टाळी नसते, तेव्हा नवशिक्याचा जसा पाय चुकतो, तसा माझा अंगठा चुकत होता.

मग 'बारस्टूल वॉरियर' लागलं. भाचा परीक्षकासारखा पुढे वाकला. मँगिनीने बसवलेलं गाणं, वाजवणार पोर्टनॉय.

"हा त्याचा हात वेगळाच आहे," तो कानात ओरडला. "पण चालेल."

माझा अंगठा थांबला होता. पॅडिंग्टनचा फलाट आठवत होता, आणि डोळे भरून आले ते या गाण्याला. ज्याच्यासाठी तेरा वर्षं कट्टी धरली तो समोर वाजवतोय आणि मला रडू येतंय दुसऱ्याच्या गाण्यावर! शेजारच्या गृहस्थाने न बोलता मला टिश्यू दिला.

मध्यंतरानंतर दहाच दिवसांपूर्वी आलेलं नवीन गाणं झालं, शेवटाकडे चोवीस मिनिटांचं 'ऑक्टाव्हेरियम'. त्याची सुरुवात कीबोर्डवाला जॉर्डन रुडेस एकटा करतो, कंटिन्युअम नावाच्या वाद्यावर. त्याला सुट्या पट्ट्या नसतात. बोट सरकवलं की स्वर घसरत जातो, सतारीची मींड निघावी तसा. कितीतरी वेळ ताल नाहीच. मोजण्यासारखं काहीच नव्हतं. फार बरं वाटलं.

निरोप घेऊन गेलेला बँड शेवटच्या गाण्यांसाठी पुन्हा स्टेजवर आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. रविवारची शेवटची गाडी, त्यात सॅक सोडवायची. 'पुल मी अंडर' सुरू झालं आणि मी अर्ध्यातच उठलो. भाचा म्हणाला, वेडा आहेस का, शेवटचं गाणं आहे. मी म्हणालो, घरी पोहोचायला मला किती वेळ लागतो, तुला माहीत आहे. जिन्यात आवाज नुसता धडधड उरला, बाहेर आल्यावर वाऱ्यात तोही गेला.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, चकल्यांचा डबा माझ्याच सॅकमध्ये. भाच्याला मेसेज केला: 'गाणं कसं संपवलं? नीट, की कॅसेटसारखं तोडलं?'

लगेच उत्तर आलं: 'चकल्या आण, मग सांगतो.'