तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तो तिचा नाही’

अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या कविता मी मराठीत आणते हे कळलं, की बरेच जण विचारतात : एवढं भयंकर दुःख आणि शब्द इतके साधे कसे? अनुवादात काही निसटलं तर नाही ना?

नाही. शब्द मुळातच साधे आहेत, आणि घाव तिथेच बसतो.

फ्रान्सिस हार्पर 1825 साली बाल्टिमोरमध्ये जन्मली. कृष्णवर्णीय, पण स्वतः गुलाम नव्हती. तिच्या 1854च्या संग्रहात गुलाम आईवर एक कविता आहे. आईपासून मुलाला तोडून नेतायत. पहिलीच ओळ वाचणाऱ्याला विचारते, ती किंकाळी ऐकलीत? पुढे एकच वाक्य परत परत येतं : तो तिचा नाही. त्याच्यासाठी कळा सोसल्या तिने, तरी नाही. त्याच्या अंगात रक्त तिचं, तरी नाही.

या ओळीपाशी मी फार दिवस अडकले होते. इंग्रजीत ‘hers’ या सर्वनामात आई एकटीच असते. मराठीत ‘ति’ म्हणजे आई आणि ‘चा’ म्हणजे मुलगा. दोघं एका शब्दात बिलगून बसलेले, आणि लगेच पुढे ‘नाही’. ते लिहिताना हात थांबला होता माझा.

त्या ‘नाही’मागे कायदा उभा आहे. मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल, असं व्हर्जिनियात 1662 साली ठरलं. म्हणजे आईची गुलामगिरी मुलाला मिळायची, मूल मात्र आईला मिळायचं नाही. ते मालकाचं. हार्पर कायद्याचं कलम सांगत बसत नाही. कायद्याने हिसकावलेला शब्द तेवढा उचलते.

‘दास’ का वापरत नाही, हेही विचारतात. आपल्याकडे दास देवाचा असतो, त्याने स्वतःहून वाहून घेतलेलं असतं. विकला जातो तो गुलाम. जोतीरावांनीही 1873 साली ‘गुलामगिरी’ हेच नाव दिलं, आणि ते पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना.

आशेचे शब्द मला जास्त छळतात. जॉर्ज मोझेस हॉर्टन हा नॉर्थ कॅरोलिनातला गुलाम. वाचायला आपलं आपण शिकला, तिथल्या चॅपेल हिल गावातल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना प्रेमकविता रचून विकायचा. लिहिता येत नव्हतं तेव्हा कविता डोक्यात रचायचा, कागदावर दुसरं कुणी उतरवून घ्यायचं. 1829 साली संग्रह निघाला. त्याच्या विक्रीतून स्वतःला सोडवून घ्यायचं, असा बेत होता. तेवढे पैसे जमले नाहीत. तो सुटला 1865मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपता संपता.

त्या संग्रहात तो स्वातंत्र्याला ‘ये’ म्हणून हाक मारतो आणि त्याला आनंदाचा ध्वनी म्हणतो. जमीन नाही, घर नाही, ध्वनी! कविता कानाने आणि आठवणीने सांभाळणाऱ्या माणसाला स्वातंत्र्य आधी ऐकू येणार, दिसणार नंतर.

इथे मराठी शब्द हाती लागत नाही. ‘स्वातंत्र्य’ हाकेत जड होतं. ‘मुक्ती’ म्हटलं की थेट मोक्ष आठवतो. ‘सुटका’ हा दोरीने बांधलेल्याचा शब्द, म्हणून सध्या वहीत ‘सुटके, ये’ आहे. रोज मोठ्याने म्हणून बघते. दोरी सुटल्याचं ऐकू येतं, आनंद अजून येत नाही.