शजऱ्यातले खरवडलेले नाव

हस्तलिखितांची सूची करताना बराचसा वेळ पाने मोजण्यातच जातो. त्या दिवशी मात्र चिश्ती या सूफी सिलसिल्याचा एक शजरा, म्हणजे पीर-मुरीदांच्या (गुरु-शिष्यांच्या) परंपरेची गुंडाळी, हाती आली. ज्यांच्या घरची ती होती त्यांना ‘अस्सल’ असा शेरा हवा होता. आमच्याकडे येणाऱ्यांना वाचनापेक्षा प्रमाणपत्राचीच ओढ अधिक असते.

वरची नावे अपेक्षित होती. हेरातच्या पूर्वेकडील चिश्त गावी दहाव्या शतकात परंपरा रुजवणारे अबू इसहाक शामी, अजमेरचे मोईनुद्दीन (मृत्यू १२३६), बख्तियार काकी, बाबा फरीद, निजामुद्दीन औलिया (१३२५), नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली (१३५६). त्यांच्याखाली गुलबर्ग्याचे गेसूदराज आणि लगेच सिराजुद्दीन, हे पाहून मी थबकलो. सिराजुद्दीन गुजरातेतल्या पाटणचे. ते नसीरुद्दीनांचे आणखी एक खलिफा, म्हणजे दीक्षेचे वारस, कमालुद्दीन अल्लामा यांचे पुत्र आणि उत्तराधिकारी. तैमूरच्या स्वारीच्या वेळी दिल्ली सोडणाऱ्या गेसूदराजांची शाखा निराळी.

गुंडाळी तिरप्या उजेडात धरली. खळ लावून घोटलेल्या कागदावर शाई वरच्यावर राहते, त्यामुळे ती खरवडता येते. पण खरवडताना घोटाई जाते आणि त्या जागी पुन्हा लिहिलेले अक्षर तंतूंमध्ये फुटते. गेसूदराजांच्या नावाच्या कडा नेमक्या तशाच फुटल्या होत्या. त्याखाली खरवडलेल्या मूळ नावातले ‘उद्दीन’ एवढेच वाचता आले, आणि शजऱ्यातली निम्मी नावे तशीच संपतात!

पुढची साखळी मात्र चोख पाटणच्या शाखेचीच होती : शेवटी दिल्लीचे कलीमुल्लाह (१७२९) आणि त्यांनी दख्खनेत पाठवलेले, पत्रांतून मार्गदर्शन केलेले निजामुद्दीन औरंगाबादी (१७३०). खुलदाबादला बुऱ्हानुद्दीन गरीब, गुलबर्ग्याला गेसूदराज आणि मग हे, असा हा सिलसिला दिल्लीहून दख्खनेत पुन्हा पुन्हा आला. निजामुद्दीनांचे पुत्र फखरुद्दीन तर तो औरंगाबादहून परत दिल्लीला घेऊन गेले आणि तिथून तो पंजाबात पसरला. आमच्या छापील तक्त्यात यासाठी ‘संस्थापक’ आणि ‘काळ’ असे दोनच रकाने आहेत. तो तक्ता आखणाऱ्याने शजरा कधी उलगडून पाहिला असेल, असे वाटत नाही.

वर लिहिलेले गेसूदराज आणि खरवडलेले, बहुधा कमालुद्दीन, अशी दोन्ही वाचने मी नोंदवली. वरिष्ठांना एकच हवे होते. दख्खनेत गुलबर्ग्याच्या नावाचे वजन मोठे, म्हणून कोणी ते घुसडले असावे, असे त्यांचे मत. परंतु कमालुद्दीनांचे नाव हेरून खरवडण्याइतकी माहिती ज्याला होती, त्याने खालचे सिराजुद्दीन तसेच का ठेवावेत? त्याला दोन्ही शाखांची दीक्षा असती, तर शेजारी दुसरी ओळ काढण्याची रीत होतीच, आणि त्यासाठी समासात भरपूर जागा कोरी आहे.