तुम्ही विचारलंत म्हणून: सरपंचाचं मानधन आणि खासदाराचा पगार

नाशिकमध्ये म्हसरूळला मी डबे देते. सकाळी साडेसहाला पोळ्या लाटायला बसते. डबा न्यायला आलेलं माणूस दारात थांबलं की दोन-चार मिनिटं बोलणं होतंच. मी पाच वर्षं गावची सरपंच होते हे एकदा कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ताई, तुम्ही तर राजकारणात होतात. तुम्हीच सांगा, या आमदार-खासदारांना एवढा पगार कशाला लागतो?"

२०२५ च्या मार्चमध्ये खासदारांचा पगार एक लाखावरून १ लाख २४ हजार झाला, तोही २०२३ च्या एप्रिलपासून लागू. तेव्हा तर आठवडाभर दुसरा विषयच नव्हता. त्याच्या दोन दिवस आधी जाहीर झालं होतं की कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिलपासून जाणार. २०२३ च्या ऑगस्टपासून आधी ४० टक्के शुल्क, मग बंदी, मग पुन्हा शुल्क, असं सोसलेल्या निफाड-येवल्याकडच्या माणसानं या दोन बातम्या एकापाठोपाठ वाचल्यावर, खासदारांना मागच्या तारखेपासून आणि कांद्याला मात्र पुढच्या, त्याचा संताप होणारच. माझाही झाला.

काही जण आणखी पुढे जातात. "सेवा करायला गेलात ना, मग पगार कसला?" आणि काही जण विचारत नाहीत, नुसते बघतात. सरपंच होती, मग डबे का करते? त्यांच्या मनात याची दोनच उत्तरं असतात. बाई फार प्रामाणिक असेल, नाहीतर फार भोळी. मी यातली कुठलीच नव्हते. ते आज लिहून टाकते.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं, नाव सांगत नाही. २०१७ साली सरपंचपद थेट जनतेतून निवडायचं ठरलं आणि आमची जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मी द्राक्षबागेत मजुरीला जायची आणि रात्री मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ची पुस्तकं वाचायची. वस्तीनं मला उभं केलं आणि मी निवडून आले.

२६ जानेवारी २०१८ ला माझी पहिली ग्रामसभा. माईक हातात आला आणि मी म्हणाले, "मी मानधनाचा एक रुपया घेणार नाही. सगळं जिल्हा परिषदेच्या शाळेला देईन." टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांनी माझे डोळे भरून आले. मी काही ते लोकांना खूश करायला बोलले नव्हते. माझे आजोबा १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाला पायी आलेले. त्या सत्याग्रहाचे पुढारी दादासाहेब गायकवाड, त्यांचं नाव घरात लहानपणापासून ऐकत मी वाढले. सार्वजनिक काम म्हणजे पदरमोड, घेतलं की बाटलं, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. तुम्ही दारात उभे राहून जे म्हणता, ते मी तुमच्या आधी माईकवर म्हणून बसले आहे.

मानधन होतं महिना १,५०० रुपये.

बागेत तेव्हा बाईला अडीचशे रुपये रोज मिळायचा. म्हणजे मानधन झालं सहा दिवसांची मजुरी. महिन्याला माझे किती दिवस जायचे? निफाडला पंचायत समितीत तीन-चार, नाशिकला त्र्यंबक नाक्यावर जिल्हा परिषदेत एखाद-दोन, मासिक सभा, प्रशिक्षण, कुणाच्या दाखल्यावर सही, कुणाच्या बांधाचं भांडण. बारा-तेरा दिवस सहज जायचे. वर एसटीचं भाडं, आणि दारात आलेल्याला चहा. तो तर द्यावाच लागतो, नाहीतर गाव बोलतं. पहिलं वर्ष मी मानधन शाळेला दिलं, त्याच्या पावत्या अजून माझ्याकडे आहेत. त्या वर्षात माझं डोरलं गहाण पडलं.

सहा महिन्यांनी टोळीच्या मुकादमीणबाईनं मला बोलावणंच थांबवलं. वाईट हेतूनं नाही. "सरपंचबाई, तुम्ही घडांच्या विरळणीला बसल्या तर मालकाला अवघडल्यासारखं होतं," म्हणाली. मग तालुक्यात कुणी ओळखणार नाही अशा गावांतल्या बागा मी शोधू लागले. पहाटे पाचला पिकअपमध्ये उभं राहून जायची, डोक्यावरून पदर पुढे ओढून.

दुसऱ्या वर्षी मी मानधन घरी ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. शाळेच्या गुरुजींनी विचारलंही नाही, आणि त्यांच्या त्या न विचारण्याची मला वर्षभर लाज वाटत राहिली. २०१९ च्या जुलैत आमच्याएवढ्या लोकसंख्येच्या गावाला मानधन ४,००० झालं. वाढ चांगली होती, पण यायचं कधी याचा भरवसा नव्हता. कधी चार महिन्यांचं एकदम यायचं.

मग ते साल आलं. २०१९ च्या दिवाळीत पाऊस थांबेचना. ज्यांच्या बागा आहेत त्यांना मी सांगायला नको. मणी कुजले, घड गळले, डावणी रोगानं पानं गेली. मालकाचं नुकसान पंचनाम्यात लिहिलं जातं. मजुराच्या बुडालेल्या रोजाचा रकाना त्या कागदात नसतो. ते पंचनामे मीच तलाठ्याबरोबर बांधाबांधानं फिरून करून घेतले. तो पंधरवडा माझ्या घरात एक रुपया आला नाही.

लेक नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. शिष्यवृत्ती होती, पण ती वर्ष सरताना येणार. वसतिगृहाचे आणि मेसचे १८ हजार आधी भरायचे होते. तिचा फोन आला, "आई, सोमवारपर्यंत भर म्हणतात." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात आमच्या वस्तीतला काँक्रीटचा रस्ता झाला होता. माझ्याच घरापुढून जाणारा, मीच मागे लागून मंजूर करून घेतलेला. अंदाजपत्रकात जाडी सहा इंच, म्हणजे माझी आठ बोटं. काँक्रीट ओलं होतं तेव्हा संध्याकाळी मजूर गेल्यावर मी मोडक्या छत्रीची तार घेऊन खाली बसले. तार आत घातली, खाली टेकली, वर बोट धरलं आणि काढून मोजली. पाच बोटं. दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा घातली. तिथे साडेचार.

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराला सांगितलं, चेकवर सही होणार नाही. ग्रामपंचायतीच्या चेकवर तेव्हा दोन सह्या लागायच्या, सरपंचाची आणि ग्रामसेवकाची. मोजमापाची पुस्तिका सहा इंचांनी भरून आलेली होती. तो वाद घालत बसला नाही. रविवारी रात्री घरी आला, फरसाणाचा खोका घेऊन. "ताई, दिवाळीचा द्यायचा राहिला होता. पोरीची फी थकलीय असं ऐकलं." सासूबाईंच्या पाया पडला आणि गेला.

खोका मी चुलीजवळ ठेवला. वर शेव, खाली बटर पेपर, त्याखाली पाचशेच्या चाळीस नोटा. मी त्या तीनदा मोजल्या. नोटांना शेवेचं तेल लागलेलं होतं. एक-एक नोट मी राखेनं पुसली, आणि ती पुसत असतानाच मला कळलं की मी पैसे ठेवून घेतले आहेत. ठरवायचं काही राहिलंच नव्हतं. हात आधीच कामाला लागले होते.

सोमवारी सकाळी नाशिकला येऊन १८ हजार भरले, पावती घेतली. दुपारी गावात जाऊन चेकवर सही केली.

दोन पावसाळ्यांत रस्ता उकलला. पोरं त्याचे तुकडे घेऊन लगोरी खेळायची. सासूबाई अंगणात बसून म्हणायच्या, "तू सरपंच असून आपल्याच दारात असं कसं गं?" मी त्यांना सांगितलं नाही. त्या गेल्या, तरी सांगितलं नव्हतं. २०२१ साली मी २० हजार जमवून त्या माणसाकडे घेऊन गेले. त्यानं हात जोडले, "ताई, तो दिवाळीचा फराळ होता." घेतले नाहीत. ते पैसे डब्यांच्या धंद्याची भांडी घेण्यात गेले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

मला मानधन दहा हजार असतं, तर मी तो खोका परत केला असता का? अनेक रात्री मी स्वतःला सांगितलं, केला असता. पण मग मोठ्या पगाराची, बंगले असलेली माणसं का घेतात? त्यांच्या लेकींची कुठली फी थकलेली असते? म्हणजे पगाराचा आणि खोक्याचा संबंध मी मानते तेवढा सरळ नसावा. मी गरजेपोटी घेतलं हे खरं आहे. पण मी अशा बायकाही पाहिल्या आहेत ज्यांनी त्याच गरजेत परत केलं. हे लिहिताना हात अडतो, तरी लिहिते.

पण फुकट काम करा, असं जेव्हा तुम्ही म्हणता, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. कारण फुकट काम करायला ज्याला परवडतं तोच मग खुर्चीवर बसतो. दादासाहेब १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर गेले. तेव्हाच्या १९५४ च्या कायद्यानं खासदाराला महिना ४०० रुपये पगार आणि दिवसाला २१ रुपये भत्ता होता. त्यांच्या नावाची शपथ घेऊन मानधन नाकारणाऱ्या मला हे ठाऊक नव्हतं. पगार मिळतो म्हणून कुणी त्यांच्या कामाला कमी लेखलं नाही. आंबे गावच्या साध्या घरातला माणूस दिल्लीत राहून काम करणार, तर त्याच्या पोटाची सोय कुणी तरी करायलाच हवी होती. ती देशानं केली, कुणा शेठनं केली नाही, यात मला फार मोठी गोष्ट दिसते.

आणि १ लाख २४ हजारांना तुम्ही डोळे विस्फारता, तेव्हा एक हिशेब करा. पाच वर्षांचे साठ महिने, झाले ७४ लाख ४० हजार. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला कायद्यानं खर्चाची मर्यादा ९५ लाख. पाच वर्षांचा सगळा पगार एका निवडणुकीच्या कायदेशीर खर्चालाही पुरत नाही. मग पगारासाठी कोण उभं राहील? ज्याला पगाराची गरज आहे तो त्या रांगेत येऊच शकत नाही, आणि जो येतो त्याला पगाराची गरज नाही. मला राग आहे तो यावर. पगाराच्या आकड्यावर नाही, असंही मी पूर्वी ठासून म्हणायची. आता तेवढं ठासून म्हणवत नाही. कारण आकड्याबरोबर पेन्शनही ३१ हजार झाली, आणि तिचं समर्थन मला करता येत नाही. पाच वर्षं मीही काढली. मी गेले तेव्हा मला नारळ आणि शाल मिळाली.

कंपन्यांच्या साहेबांबद्दलही विचारता. माझ्याकडचे एक निवृत्त अकाउंटंट काका डबा नेतात. त्यांनी मला दाखवलं की २०१३ च्या कायद्यापासून शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला अहवालात छापावं लागतं, संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या, म्हणजे सगळे पगार ओळीनं मांडले तर मधोमध येतो त्याच्या, किती पट आहे ते. मी तो आकडा बघितला आणि त्यात माझ्या भावाला शोधलं. तो नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत बारा वर्षं त्याच एका कारखान्यात उभा आहे, पण ठेकेदाराच्या पटावर. तो वरचा नाही, खालचा नाही, मधलाही नाही. साहेबाला किती जास्त मिळतं, हे मोजताना माझा भाऊ मोजलाच जात नाही. या विषयावर मला एवढंच कळतं.

लेकीला ही खोक्याची गोष्ट मी गेल्या वर्षी सांगितली. ती आता इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे, आणि आम्ही राहतो त्या घराचं भाडं तिच्या पगारातून जातं. ती रात्रपाळीला निघाली होती, बूट घालत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी परत आले असते." मी म्हटलं, "म्हणूनच नाही सांगितलं." ती गेली. त्यावर आमचं पुन्हा बोलणं झालेलं नाही.

१४ एप्रिलला जयंतीसाठी गावी गेले होते. आता जागा खुली आहे. नव्या सरपंचाची पंधरा एकर बाग आहे, दोन ट्रॅक्टर आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात मानधन दुप्पट होऊन आमच्या गावाला ८ हजार झालं. ते तो घेत नाही, शाळेला देतो. गाव त्याचं कौतुक करतं. आमच्या वस्तीतला रस्ता त्यानं नवीन केलाय. एका कडेला नळाच्या जोडणीसाठी तो फोडलेला होता. मिरवणूक पुढे गेल्यावर मी तिथे वाकून हात लावला. आठ बोटं भरली, वर अर्धं बोट जास्तच.