आधण ठेवलं, पुढे काय?

साखरेचा डबा कुठे ठेवला हे सत्तरीत कुणीही विसरतं. पण चाळीस वर्षं रोज दोन वेळा चहा करणारी बाई आधण ठेवते, पाणी उकळून आटत येतं आणि ती ओट्यापाशी नुसतीच उभी राहते, तेव्हा मात्र दखल घ्यायला हवी. साखर दोनदा पडते, पावडर न घालताच दूध ओतलं जातं. हाताखालच्या कामाचा क्रमच सुटायला लागला की ते साधं विसरणं राहत नाही. आपल्याकडे त्याला 'म्हातारचळ' म्हणतात, आणि त्या शब्दापायी दोन-तीन वर्षं सहज निघून जातात. हा बहुधा अल्झायमरचा आजार असतो. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टला ऑगस्टे डेटर या ज्या रुग्ण बाईला तपासलं, ती ५१ वर्षांची होती. तेव्हा 'वय झालंय' हे काही निदान होऊ शकत नाही.

या आजारात मेंदूतल्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचा गुंता होतो. लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून हे चालू असतं. सहसा सुरुवातीलाच मार बसतो तो कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पसला. नवीन गोष्टींची नोंद तिथे होते. म्हणून बहात्तरचा दुष्काळ बारकाव्यांसकट सांगणाऱ्या आजोबांना सकाळी कोण येऊन गेलं ते सांगता येत नाही. घरच्यांना वाटतं, जुनं सगळं आठवतं म्हणजे नाटकं करतात. पण सकाळच्या पाहुण्याची नोंदच झालेली नसते. 'आठवून बघा ना' म्हटल्याने हाताला काही लागत नाही, आजोबा फक्त खजील होतात.

विसरणं म्हणजे अल्झायमरच, असंही धरून चालू नये. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी आधी करावी, सोडियम आणि साखरही बघावी. वर्षानुवर्षं शाकाहार, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, अशा माणसात बी-१२ कमी सापडणं नेहमीचंच. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन आणि झोपेच्या काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाला भ्रमिष्ट करतात, म्हणून डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठी नको, औषधांची अख्खी पिशवी न्या. गेल्या दोन-तीन महिन्यांत न्हाणीघरात पाय घसरून डोकं आपटलं असेल तर ते आवर्जून सांगा. डोक्यात हळूहळू साकळलेलं रक्त हुबेहूब असंच दिसतं आणि ते काढता येतं. शिक्षण किती झालंय तेही सांगा. शाळेत न गेलेल्या आजीला स्मरणाच्या तपासणीत १०० मधून सात-सात वजा करायला लावून काही कळत नाही. आणि दोन दिवसांत अचानक बरळणं सुरू झालं तर ते बहुधा लघवीचा संसर्ग, सोडियम घसरणं असलं काही असतं. तेव्हा थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

औषधं आजार थांबवत नाहीत, काहींना काही काळ आधार देतात. डोनेपेझिल साधारण ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि सोसलं तर चार-सहा आठवड्यांनी १० करतात. मळमळ आणि जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते. चक्कर येऊन पडले तर आधी नाडी मोजून डॉक्टरांना कळवा. रात्री भलतीसलती स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी देता येईल का, ते विचारा. रिव्हास्टिग्मिन हे दुसरं औषध कातडीला चिकटवायच्या पट्टीतून देतात. त्यात होणारी चूक अगदी साधी असते: जुनी न काढताच नवी लावली जाते आणि डोस दुप्पट होतो. एका वेळी एकच पट्टी, २४ तास, पाठीच्या वरच्या भागात, म्हणजे हात पोचून ती ओढली जात नाही. त्याच जागी पुन्हा १४ दिवस लावायची नाही. अंगाला तेल चोळलं असेल तर पट्टी चिकटत नाही, हे आपल्या घरांत हमखास घडतं.

दिवेलागणीला चपला घालून 'मला घरी जायचंय' सुरू होतं. 'हे घरच आहे' असं सांगून वाद वाढतो. भूक लागलीय का, लघवीला जायचंय का, कुठे दुखतंय का, हे आधी बघावं. अंधारून यायच्या आत सगळे दिवे लावले तर सावल्यांना बिचकणं कमी होतं. मग त्या घराबद्दलच विचारावं: अंगणात काय होतं, विहीर कुठे होती. बोलता बोलता बरेचदा चपला सुटतात.

गॅस वापरून झाला की रेग्युलेटर बंद करा. सदऱ्याच्या आतून नाव-फोनची पट्टी शिवा, अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. माणूस दिसेनासा झाला तर लगेच ११२. चोवीस तास थांबायचं नसतं. ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी १४५६७ आहे.

कागदपत्रांचं काम सगळे मागे टाकतात. मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका: देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं, पुढे पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. मृत्युपत्र, बँकेत संयुक्त खातं, वारस नोंद, हे सगळं निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उरकावं, त्यांना स्वतःला वाचून सही करता येतेय तोवर.