वाऱ्याचा एक दशांश

धावण्याच्या शर्यतीतील वेळफलक आणि वारामापक एकाच संगणकावरून चालवणारे सॉफ्टवेअर लिहिताना माझा सर्वाधिक वेळ गेला तो एका दशांशावर. १०० मीटर शर्यतीत पिस्तुलाचा बार झाल्यापासून १० सेकंद वारा मोजतात (११० मीटर अडथळ्यांत १३) आणि येणारा आकडा (मीटर प्रति सेकंदात; पाठीमागून येणारा वारा धन, समोरून येणारा ऋण) नेहमी धन दिशेनेच पुढच्या दशांशावर न्यावा लागतो, म्हणजे +२.०३ चे +२.१ होतात, पण −२.०३ चे −२.० होतात. मी आधी नेहमीचेच पूर्णांकन वापरले होते. चाचणीत +२.०३ च्या नोंदीला फलकावर +२.१ ऐवजी +२.० झळकले, तेव्हा मी हादरलो, कारण +२.० हीच विक्रम ग्राह्य धरण्यासाठीची वाऱ्याची कमाल मर्यादा आहे. आता पंचांच्या पडद्यावर मूळ नोंदही शेजारीच दिसते.