कुठल्या कंपनीसाठी?

बुधवार, 22 जुलै. रात्रीचे साडेअकरा.

मोतीबिंदू काढल्यापासून आई दिसेल ते वाचते. दुधाची पिशवी, गोळ्यांचं पाकीट, लाइट बिलाच्या मागचं बारीक अक्षर. रविवारी टेबलावर माझ्या कथेचं प्रिंट होतं. मी मुद्दाम ठेवलं नव्हतं. (ठेवलं होतं. निदान इथं तरी खरं लिहावं.) तिने ते खिडकीपाशी नेऊन सलग वाचलं, शेवटचं पान उलटून मागे काही आहे का बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "छान आहे गं. कुठल्या कंपनीसाठी?"

टोमणा असता तर परवडलं असतं. आईला टोमणे उत्तम मारता येतात आणि ती मारते तेव्हा लागतातही. हा टोमणा नव्हता, साधी चौकशी होती. मी म्हटलं, "अगं, कथा आहे ती. दिवाळी अंकाला पाठवायचीय." तर म्हणाली, "हो का? मला वाटलं, शेवटी मशीनचं नाव येईल."

आज चौथा दिवस. नी.ला सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती. मीही हसले तिच्याबरोबर. फोन ठेवल्यावर मात्र परत तेच.

आईला काय कळतंय, म्हणून सोडून द्यावं तर तीही सोय नाही. साताऱ्याला असताना ती दरवर्षी वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत पैसे भरायची आणि भाऊबीज झाली की जी सुरू व्हायची ती होळीपर्यंत. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, त्याला आता शंभरावर वर्षं झाली. त्यातली निदान चाळीस तरी आईने एकटीने वाचून काढलीत. कथा आवडली तर ती काहीच बोलायची नाही, अंक बाजूला ठेवून उगाच भांडी आवरायची. नाही आवडली तर "बरी आहे." 'छान' ती लग्नपत्रिकेला म्हणते.

अकरा वर्षं झाली मला कंपन्यांसाठी लिहिताना. शब्दाला सव्वा रुपया, 10 टक्के टीडीएस कापून, पंचेचाळीस दिवसांनी. म्हणजे त्यांचे पंचेचाळीस. गाद्या, वॉटर प्युरिफायर, पावसाळ्यात घ्यायची पायांची काळजी, म्युच्युअल फंड म्हणजे काय. कोणीही विचारलं की मी सांगते, हे पोटासाठी, खरं लिहायचंय ते वेगळंच. ते वेगळं रात्री दहानंतर, डोळे चुरचुरत असताना, दुसऱ्यांच्या गाद्यांवर आठशे शब्द लिहून झाल्यावर. इतकी वर्षं मला वाटायचं की माझा वेळ जातोय. वेळ गेला तर गेला, हात तरी चालता राहतोय. पण हातच त्यांचा झाला असेल तर? आईने तेच विचारलं ना? सोमवारी रात्री या एका वाक्यावर मी रडलेसुद्धा थोडी. पोराबाळांच्या, घराच्या, मागं राहिलेल्या सगळ्याच गोष्टी त्यात आल्या. ते जाऊ दे.

काल पेन्सिल घेऊन बसले. कथा अशी आहे की अण्णा बायको गेल्यावर तिचं शिलाई मशीन विकतात. बस, एवढंच. मी प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारत गेले. "मशीन गेलं, टाके मात्र राहिले." "काही गोष्टी उसवत नाहीत." "घर रिकामं झालं नव्हतं, फक्त आवाज कमी झाला होता." हे तिसरं वाक्य लिहिताना मला फार भरून आलं होतं. काल आठवलं की थोड्या फरकाने ते मी 2019 मध्ये पंख्याच्या एका कंपनीला विकलंय.

एकोणीस परिच्छेद. चौदांच्या बुडाशी अशी एकेक घोषणा. वाचणारा मध्येच सुटू नये म्हणून दर चार ओळींनी त्याच्या हातात काहीतरी द्यायचं, ही सवय. वाक्य बारा शब्दांच्या वर जाऊ द्यायचं नाही, ही दुसरी. आणि कुणाला काही खटकेल असं ठेवायचंच नाही. माझे अण्णा कथाभर एकदाही खोटं बोलत नाहीत. पैशावरून घासाघीस करत नाहीत. बायकोबद्दल एकही वाकडा विचार त्यांच्या मनात येत नाही, बेचाळीस वर्षांच्या संसारात! त्यांना काही नकोच आहे. मशीन विकायचंय, तेही जड अंतःकरणाने. गिऱ्हाईक म्हणून असा माणूस लाखात एक.

चौदा वाक्यं खोडली आणि कथा परत वाचली. काहीही बिघडलं नव्हतं. हे जास्त लागलं.

मग कोण जाणे कुठून, गुडघेवाली बाई आठवली. एका दवाखान्याच्या माहितीपत्रकासाठी 'समाधानी रुग्णाचा अनुभव' लिहायचा होता. तीनशे शब्द, रुग्ण काल्पनिक चालेल. (चालू नये खरं तर. पण तेव्हा मी तोंड उघडलं नाही.) वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे बदललेले, आणि आता पर्वती चढते. तेवढंच लिहायचं होतं. पण 103 पायऱ्या ही बाई कशाला चढेल, असं माझ्या मनात आलं आणि तिला एक जाऊ मिळाली. थोरली. ती दर गुरुवारी पर्वती चढते म्हणून गेली कित्येक वर्षं सगळ्या लग्नांमुंजींत सांगत आलेली. तर आमची बाई घरात कुणाला न सांगता, डॉक्टरांनाही न विचारता, एका गुरुवारी रिक्षा करून गेली. मध्ये तीनदा बसली. वर पोचली तर जाऊबाई नाहीत. उतरताना बघते, तर त्या खालीच, पायथ्याच्या गाड्यापाशी भेळ खात बसलेल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि एकीने दुसरीला चमचा दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "छान झालंय. जाऊबाईंचा भाग काढून टाका. आणि गुडघे दुसऱ्या परिच्छेदातच बरे करा."

केले बरे. 375 रुपये झाले होते, म्हणून लक्षात आहे.

म्हणजे कंपनीसाठी मी कथा लिहिली आणि कथेत कंपनीचं लिहिलं. काल रात्री हे सुचलं तेव्हा एकटीच हसले. आधी मला वाटत होतं, सव्वा रुपयाने हात बिघडवला. पण ती जाऊसुद्धा सव्वा रुपयातच आली होती, आणि तिला यायला दोन मिनिटं लागली नव्हती. तिथं मला कुणी लेखिका म्हणून बघणार नव्हतं, म्हणून असेल. अण्णांच्या वेळी मी खुर्चीत ताठ बसले होते. दिवाळी अंक! जणू काही पाटावर बसवून औक्षणच होणार आहे.

आज संध्याकाळी आई गवार मोडत होती. मी काही विचारलं नव्हतं. आपल्याआपणच म्हणाली, "आपलं मशीन विकलं ना, तेव्हा त्या माणसाने पन्नास रुपये कमी दिले."

"का?"

"बॉबिन केस नव्हती, खालच्या दोऱ्याची डबी. खालची पट्टी सरकवून अंगठा घालून बघितलं त्याने. म्हणाला, केसशिवाय काय करू मी हिचं?"

"मग कुठं गेली होती?"

"गेली होती," आई म्हणाली आणि शेंगेची शीर ओढली. ती मध्येच तुटली, तर तिने नखाने उरलेली काढली. सावकाश. मी वाट बघत बसले. तिने पुढची शेंग घेतली.

आजीचं मशीन कुणी विकलं, कशासाठी विकलं हे मला माहीत आहे. त्या वर्षाबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. ताईशी बोलते का, ठाऊक नाही. बॉबिन केसचं मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि लाज वाटते लिहायला, पण माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट ही, की हे घेता येईल का? दुसरी, की तिने ते मला देण्यासाठीच सांगितलं का? ती तशी नाही. पण मग रविवारनंतर आजच कसं आठवलं?

जेवणं झाल्यावर बसले. गिऱ्हाईक आता पट्टी सरकवतं, अंगठा घालतं, केस कुठंय विचारतं. अण्णा म्हणतात, असेल इथंच, बघतो, आणि आत जातात. बराच वेळ येत नाहीत. बाहेर गिऱ्हाईक मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून उगाच मागंपुढं करतंय, चाक फिरतंय. आत अण्णा काय करतायत, मला अजून कळलेलं नाही. त्यांना केस सापडत नाहीये, की सापडलीये? तिथं येऊन मी तासभर अडलेय. असं गाद्यांवर लिहिताना होत नाही.

2900 शब्द होते, आता 1700 राहिलेत. सव्वा रुपयाने पंधराशेचं नुकसान. हा हिशोब मी खरंच केला, वहीच्या कडेला आहे तो. अंकाचं मानधन शब्दांवर नसतं, हे माहीत असून केला.

31 तारखेपर्यंत पाठवायचीय, युनिकोडमध्ये. साभार परत यायचे दिवस गेले, आता नुसतं कळवतच नाहीत. उद्या दुपारी बारापर्यंत गाद्या. 'पाठदुखी आणि योग्य गादीची निवड', आठशे शब्द, अजून एक ओळ लिहिलेली नाही.

आत्ता आईने आतून हाक मारली. "अजून जागी आहेस? कंपनीचं काम आहे का?"

"नाही."

"मग झोप की."