दोऱ्याने मोजलेलं अंतर

भूगोलाच्या तासाला बाई आम्हाला नकाशावर दोरा धरायला लावायच्या. आधी पट्टीने सरळ अंतर, मग रस्त्याच्या वळणावळणाने दोरा. कोयना धरणाच्या जलाशयापलीकडून, म्हणजे शिवसागराच्या पलीकडून येणाऱ्या आम्हा पोरांना यात समजावण्यासारखं काही नव्हतं. समोरचा काठ दिसायचा, पण मध्ये कोयनेचं पाणी. लाँच बंद म्हणजे शाळा बंद.

नोकरीमुळे मी हल्ली लास व्हेगासला असतो. दोन वर्षांपूर्वी ॲरिझोनातल्या माउंट ट्रंबुलची शाळा बघायला गेलो आणि बाईंची फार आठवण आली.

ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला ॲरिझोनाचा एक रुक्ष पट्टा आहे, ‘ॲरिझोना स्ट्रिप’. राज्य तेच, पण मध्ये दीडेक किलोमीटर खोल दरी आणि तळाशी कोलोरॅडो नदी. १९१६ च्या सुमारास काही कुटुंबांनी इथल्या माउंट ट्रंबुल भागात वस्ती केली. पावसाचं पाणी तळ्यांत, टाक्यांत साठवायचं आणि त्यावर शेती-गुरं सांभाळायची. जिल्ह्याचं ठाणं किंगमन, दरीच्या पलीकडे. मी घरी नकाशा पसरून बाईंच्या पद्धतीने मोजलं. पट्टीने १५० किलोमीटरच्या आसपास, दोऱ्याने साडेचारशे! आजही आधी कच्च्या रस्त्याने उत्तरेला युटा राज्यातल्या सेंट जॉर्जला जायचं, मग नेवाडातल्या लास व्हेगासला आणि तिथून पुन्हा ॲरिझोनात. स्वतःच्याच जिल्ह्याच्या गावी जायला दोन परकी राज्यं. बाजारहाट साहजिकच सेंट जॉर्जचा. तिथलं घड्याळही उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या तासभर पुढे.

या वस्तीने १९२२ मध्ये लाकडी शाळा बांधली. एकच खोली. रविवारी प्रार्थना तिथेच, गावाची बैठक तिथेच, नाचगाणंही तिथेच. पुढे दुष्काळाने माणसं हळूहळू निघून गेली, १९६० च्या दशकात शाळा बंद झाली. २००० साली कुणीतरी ती जाळली. आणि पुढच्याच वर्षी, गावात राहायला कुणी उरलेलं नसताना, तिथल्या जुन्या कुटुंबांनी आणि स्वयंसेवकांनी ती पुन्हा उभी केली. मुलं नाहीत तर शाळा कशाला, असं कुणी विचारेलही. मला मात्र त्या माणसांबद्दल अपार आदर वाटतो.

दारात उभा राहिलो. चारी बाजूंना झुडपं आणि वारा, दुसरा आवाज नाही. आपल्या वर्गातून लाँचचा भोंगा ऐकू यायचा आणि पलीकडची सगळी मुलं एकदम दप्तरं आवरायची, ते आठवलं. बाई कधी रागावल्या नाहीत. उलट खिडकीशी उभ्या राहून, सगळे लाँचमध्ये चढले का, ते बघायच्या.

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात बाईंची नकाशांची पेटी मांडणार आहात असं कळलं. तिच्यात तांबड्या दोऱ्याची एक गुंडी असायची, ती शोधून ठेवा. मी येताना ॲरिझोनाचा नकाशा घेऊन येतो. पलीकडच्या काठावरून आजही जी मुलं येतात, त्यांच्याकडून ते अंतर एकदा मोजून घेऊ.